शेंगदाण्याच्या तेलावर चाललेले इंजिन

एखाद्या माणसाचे आडनाव वस्तूचे नाव होऊन बसले, की तो माणूस हळूहळू विसरला जातो. वॅट आणि व्होल्टा यांचे असे झाले, पण सगळ्यांत जास्त झाले ते रुडॉल्फ डिझेल यांचे. सोलापूर-पुणे हमरस्त्यावर मोहोळ सोडले की टेंभुर्णीच्या अलीकडे माझे गाव लागते, मोडनिंब. या रस्त्याने रात्रंदिवस मालट्रक, एस.टी., उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बोअर मारणाऱ्या गाड्या जात असतात. या सगळ्यांच्या टाकीत जे असते ते खरे म्हणजे एका माणसाचे आडनाव आहे, हे त्या चालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अलीकडे मात्र वर्षातून एकदा या माणसाची आठवण निघते. २०१५ सालापासून आपल्याकडे १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. शाळांत निबंध होतात, भाषणे होतात आणि त्यांत हटकून सांगितले जाते, की १८९३ साली याच दिवशी डिझेलसाहेबांनी आपले पहिले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले. करडई आणि भुईमुगाच्या मुलखातला माणूस म्हणून ही गोष्ट ऐकताना मलाही बरे वाटते. पण ती तशी घडलेली नाही. जे खरोखर घडले ते याहून अधिक रंगतदार आहे, आणि आपल्या शेतकऱ्याने ऐकण्याजोगेही आहे.

हातगाडी ढकलणारा मुलगा

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरिया प्रांतातले. वडील थिओडोर हे बुकबाइंडर आणि कातडी वस्तूंचे कारागीर. घरची परिस्थिती बेताची. वडिलांनी तयार केलेला माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे काम लहानग्या रुडॉल्फकडे असे. लहान कारागिराला पोट भरायला किती राबावे लागते, हे त्याने पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याच्या घरातच रोज चालले होते.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावे लागले आणि डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथेही बस्तान बसेना, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच आगगाडीत बसवून जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ज्यांच्याकडे तो राहिला ते बार्निकेल मास्तर गणित शिकवीत. त्या घरात मुलाला शिस्त मिळाली आणि गणिताची गोडी लागली. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून आपण इंजिनिअर होणार असल्याचे कळवून टाकले.

पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात त्याला गुरू भेटले कार्ल फॉन लिंड. हेच लिंड बर्फ आणि शीतयंत्रांमुळे जगप्रसिद्ध झाले. एका व्याख्यानात त्यांनी सांगितले, की वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावते, बाकीची सारी वाया जाते. तरुण डिझेलने वहीच्या समासात त्याबद्दल टिपण केले, आणि त्या टिपणाने त्याचा आयुष्यभर पिच्छा पुरवला. परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. ती परीक्षा त्याने १८८० च्या जानेवारीत दिली आणि विद्यालयात पहिल्या प्रतीचे गुण मिळवले.

सायकलचा पंप आणि हजारो मार्कांचे यंत्र

डिझेलची कल्पना समजायला फार शास्त्र यावे लागत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव घरातल्या प्रत्येक मुलाला असतो. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबली, की पाचशे अंशांच्या वर तापेल, तर? अशा तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडला तर ते आपोआप पेट घेईल. ठिणगी नको, दिवा नको, बाहेरची भट्टी नको. शिवाय जितका दाब जास्त, तितकी उष्णता अधिक कामाला लागेल.

दहा-बारा वर्षे लिंड यांच्या कंपनीत बर्फयंत्रांची नोकरी करता करता डिझेलच्या डोक्यात हेच घोळत होते. मध्यंतरी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करण्याचा खटाटोपही त्याने करून पाहिला. अखेर १८९२ साली पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ साली ते मिळाले आणि त्याच वर्षी त्याचे पुस्तकही निघाले. आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ आणि पोलादवाले क्रुप यांनी पैसा लावायचे मान्य केले.

आता तो १० ऑगस्ट १८९३ चा दिवस. इंजिन उभे राहिले, बाहेरच्या पट्ट्याने ते फिरवले आणि आत खनिज तेलाचा फवारा सोडला. शेंगदाण्याच्या तेलाचा त्यात संबंध नव्हता. आतल्या आत असा भडका उडाला, की दाब मोजायचे उपकरण फुटून त्याचे तुकडे इकडेतिकडे उडाले. इंजिन स्वतःच्या बळावर एक फेराही फिरले नाही. तरीही डिझेल खूश होता, कारण दाबलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते एवढे त्या स्फोटाने सिद्ध झाले होते. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा आपले आपण चालले, तेही मिनिटभरच. त्यानंतर तीन वर्षे मोडतोड, दुरुस्त्या, नव्या जोडण्या. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मॉरिट्झ श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली, तेव्हा इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लागल्याचे दिसले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पुस्तकात मांडलेले आदर्श इंजिन काही त्याला बांधता आले नाही, आणि प्रत्यक्ष चाललेले इंजिन त्यापेक्षा बरेच वेगळे होते. शिवाय आउग्सबुर्गच्या कारागिरांचा आणि इंजिनिअरांचा त्यात मोठा वाटा होता. विरोधकांनी पुढे यावरूनच त्याला छळले. पण चार वर्षे अपयशाशी झुंजत त्या खोलीत उभा राहिला तो डिझेलच.

त्यामागची ओढ नुसती यंत्राची नव्हती. वाफेचे इंजिन घ्यायचे तर बॉयलर हवा, धुराडे हवे, कोळशाचा ढीग हवा. म्हणजे ते धनिक कारखानदारालाच परवडणार. विणकर, सुतार, चर्मकार यांच्या छोट्या दुकानात मावेल, स्वस्तात चालेल असे यंत्र दिले, तर लहान माणूस मोठ्या कारखान्यापुढे टिकेल, अशी त्याची धारणा होती. हातगाडी ढकलणारा मुलगा त्याच्या मनातून कधीच गेला नव्हता.

पॅरिसचे प्रदर्शन

शेंगदाण्याची खरी गोष्ट १९०० सालची. त्या वर्षी पॅरिसला भव्य जागतिक प्रदर्शन भरले आणि डिझेलच्या इंजिनाला तिथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालत होते. ते इतके बिनतक्रार चालले, की पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात इंधनातला फरक आला. कल्पना डिझेलची नव्हती. ती फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिके. कोळसा किंवा खनिज तेल बाहेरून न नेता तिथल्या तिथे पिकलेल्या तेलावर इंजिने चालवता येतील का, हे त्या सरकारला पाहायचे होते. म्हणजे गोष्टीच्या मुळाशी साम्राज्याचा हिशेब होता.

डिझेलने मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. त्याने स्वतः तशा चाचण्या घेतल्या. रशियात सेंट पीटर्सबर्गला एरंडेल तेलावर आणि माशांच्या तेलावर असेच प्रयोग झाल्याचेही त्याने नोंदवले. १९१२ च्या सुमारास, आयुष्याच्या अखेरच्या काळात, त्याने या विषयावर लिहिले. आज या तेलांना इंधन म्हणून महत्त्व नसले तरी पुढेमागे ती खनिज तेलाइतकी मोलाची ठरू शकतील, आणि जमिनीतले साठे आटले तरी सूर्याच्या उष्णतेवर पिकणारी शक्ती शेतकऱ्याच्या हाती राहील, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा विचार आहे.

कीर्ती, वाडा आणि कर्ज

पैसा आला तो लोंढ्यासारखा. अमेरिकेतले मद्य उत्पादक अॅडॉल्फस बुश यांनी तिथल्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. चाळिशीच्या आतच डिझेल लक्षाधीश झाला आणि म्युनिकमध्ये त्याने राजेशाही वाडा बांधला. पण इंजिनांच्या पहिल्या तुकड्या गिऱ्हाइकांकडे जाऊन बंद पडू लागल्या, पेटंटवरून दावे सुरू झाले, डोकेदुखीने आणि मनाच्या थकव्याने तो अंथरुणाला खिळला, काही काळ आरोग्यधामात राहिला. तेलाच्या खाणींत आणि जमिनींच्या व्यवहारांत गुंतवलेले पैसे बुडत गेले. जगाला इंधनाची काटकसर शिकवणाऱ्या या माणसाला घरचा हिशेब काही जमला नाही.

१९०३ साली त्याने समाजरचनेवर एक पुस्तक लिहिले. कामगारांनी थोडेथोडे पैसे एकत्र करून स्वतःचे कारखाने चालवावेत, असा त्याचा गाभा होता. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यांची ज्यांना माहिती आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. दहा हजार प्रती छापल्या होत्या, खपल्या त्या काही शेच.

इंजिनाचे मात्र सोने होत होते. १९१२ साली कोपनहेगनमध्ये बांधलेली सेलांडिया ही डिझेलवर चालणारी बोट महासागर ओलांडून गेली. त्याच वर्षी डिझेल अमेरिकेत जाऊन व्याख्याने देऊन आला, एडिसनला भेटला. सभागृहांत टाळ्या पडत होत्या आणि घरी कर्जाचे आकडे वाढत होते.

ड्रेस्डेन बोटीवरची रात्र

२९ सप्टेंबर १९१३. इंग्लंडमध्ये डिझेल इंजिनांचा नवा कारखाना निघायचा होता. त्यासाठी अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीत तो दोन सहकाऱ्यांसह बसला. तिघे जेवले, डेकवर गप्पा मारल्या आणि रात्री दहाच्या सुमारास झोपायला गेले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे त्याने सांगून ठेवले होते. सकाळी केबिन रिकामी. बिछान्यावर कोणी झोपल्याची खूण नाही. कठड्याजवळ टोपी आणि घडी घातलेला ओव्हरकोट.

दहाएक दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी ते पुन्हा पाण्यात सोडले. त्या वस्तू धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखल्या. वय होते अवघे पंचावन्न. निघण्यापूर्वी पत्नी मार्था हिच्याकडे एक पिशवी देऊन आठवडाभर उघडू नकोस, असे त्याने बजावले होते. त्या पिशवीत रोख पैसे आणि बँकेतली खाती रिकामी झाल्याचे कागद निघाले. रोजनिशीत २९ सप्टेंबरच्या तारखेला एक छोटी फुली होती.

घातपाताच्या कहाण्या तेव्हाही उठल्या, आजही उठतात. तेल कंपन्यांनी मारले, हेरांनी मारले, असे बरेच काही लिहिले गेले. पण ती पिशवी आणि ती फुली पाहिली, की मला तरी त्या कहाण्यांकडे वळावेसे वाटत नाही. बुडीत कर्जाखाली दबलेला कर्तबगार माणूस काय करून बसतो, हे आपल्या भागात कोणाला वेगळे सांगायची गरज नाही.

आपल्या विहिरीवर

डिझेल हयात असताना, १९०६ साली, बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डूवाडी ते पंढरपूर फाटा सुरू झाला आणि मोडनिंबहून कोळशाचा धूर सोडीत ती चिमुकली गाडी जाऊ लागली. त्याचे इंजिन आपल्याकडे रुजायला अजून अवकाश होता. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात ऑईल इंजिने बनू लागली. १९४६ साली शंतनुराव किर्लोस्करांनी खडकीला ऑईल इंजिनांचा कारखाना काढला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गावोगावच्या मोटा थांबल्या. पिठाची गिरणी, गुळाचा चरक, विहिरीवरचा पंप सगळे त्याच इंजिनावर. लहान माणसाच्या हाती ताकद द्यायचे डिझेलचे स्वप्न युरोपात फारसे फळले नाही, तिथे त्याची इंजिने जहाजांत आणि पाणबुड्यांत गेली. ते फळले माढा-मोहोळसारख्या तालुक्यांतल्या विहिरींवर.

१९७३ नंतर तेलाची टंचाई आली तेव्हाची एक गोष्ट आमच्या घरात सांगितली जाई. शेजारच्या मळ्यातल्या एका काकांनी डिझेल मिळेना म्हणून घरच्या करडईचे घाण्यावरचे तेल उरल्यासुरल्या डिझेलमध्ये मिसळून इंजिनात ओतले. इंजिन सुरू झाले, छान चालले. धुराला तळणीचा वास येई म्हणून पोरे गोळा होत. पंधरवड्यात धूर काळा पडला, ताकद उतरली, मग हँडल मारून मारून गडी थकले तरी इंजिन उठेना. मिस्त्रीने उघडले तेव्हा नॉझलच्या टोकाला कोळशाची बोंडे आणि पिस्टनच्या रिंगा डिंकाने चिकटवल्यासारख्या बसलेल्या.

असे का झाले, याचे कारण सरळ आहे. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. त्याचा फवारा धुक्यासारखा बारीक उडत नाही, थेंब मोठे पडतात, पुरते जळत नाहीत आणि त्यांची काजळी साठते. त्यातून करडईचे तेल सुकणाऱ्या जातीचे. हवा आणि उष्णता मिळाली की त्याचा चिकट थर होतो, म्हणून तर ते रोगणासाठी वापरले जाई. जो गुण रोगणाला हवा तोच इंजिनाला मारक. पॅरिसचे इंजिन प्रदर्शनापुरते चालले आणि काकांचे इंजिन पंधरवड्यात बसले, यात म्हणूनच काही विसंगती नाही. काही तास चालणे वेगळे आणि हंगामामागून हंगाम चालणे वेगळे.

यावरचा उपायही जुना आहे. १९३७ साली ब्रसेल्सचे शावान यांनी वनस्पती तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून त्यातले ग्लिसरीन वेगळे काढण्याचे पेटंट घेतले. ग्लिसरीन गेले की तेल पातळ होते, जवळपास डिझेलसारखे वागते. पुढच्या वर्षी अशा तेलावर ब्रसेल्स ते लुव्हाँ बसही चालली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच.

हिशेब कुठे अडतो

म्हणजे तंत्र आहे, तेलबिया आहेत. सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तर करडईवर वर्षानुवर्षे काम झाले, भीमा हे गाजलेले वाण तिथलेच. मग अडते कुठे? अडते ते पाटीवरच्या साध्या गणितात. कोरडवाहू एकराला तीन क्विंटल करडई आली असे धरू. त्यातून तेल निघेल साधारण ऐंशी किलो, म्हणजे पंच्याऐंशीएक लिटर. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला एक लिटरहून थोडे जास्त पिते. म्हणजे एक एकराच्या पिकावर इंजिन चालेल पंचाहत्तर तासांच्या आसपास. रोज आठ तास पाणी दिले तर नऊ-दहा दिवसांत वर्षाचे पीक संपले. तेच तेल बाजारात डिझेलपेक्षा पुष्कळ महाग विकते, आणि आपला देश खाण्याच्या तेलातला निम्म्याहून अधिक वाटा परदेशातून आणतो. ज्या तेलात सोलापूरची शेंगाचटणी कालवायची ते इंजिनात ओतणे कोणत्याच घराला परवडणार नाही.

म्हणून नजर वळते न खाण्याच्या तेलांकडे. २००३ नंतर मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला. माळरानावर बिनपाण्याचे पीक येईल असे सांगितले गेले. झाडे जगली, पण बी भरघोस येईना, आणि लावणारे निराश झाले. त्या मानाने करंज आपला जुना सोबती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडिपी श्रीनिवास यांनी करंजाच्या तेलावर जनित्रे आणि पंप चालवून दाखवले. दुसरी वाट आहे तळून काळ्या झालेल्या तेलाची. हॉटेलांतले असे तेल पुन्हा लोकांच्या पोटात जाऊ नये आणि त्याचे बायोडिझेल व्हावे, यासाठी २०१८ साली केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने योजना आखली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळायचे ठरवले. अजून ते प्रमाण एका टक्क्याच्याही आत आहे. उजनीच्या पाण्यावर पिकणाऱ्या आमच्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांवर गेले, पण मालट्रक आणि ट्रॅक्टर जे पितात त्या डिझेलची कथा वेगळीच राहिली.

ही कथा पुढे सरकेल ती अशाच छोट्या, खात्रीच्या हिशेबांनी. बांधावरचा करंज, भज्यांच्या गाड्यावरचे उरलेले तेल, तालुक्याला एक लहान प्रक्रिया केंद्र. याने देशाची तहान भागणार नाही, पण एखाद्या गावाचे पाण्याचे पंप चालू शकतील, आणि डिझेलच्या मनात होते ते याहून फार वेगळे नव्हते.

येत्या १० ऑगस्टला मुलांना ही गोष्ट सांगायची असेल तर खरी सांगावी. त्या दिवशी शेंगदाण्याचे तेल नव्हते. एक स्फोट होता, फुटलेले उपकरण होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला बसलेला एक पस्तिशीचा माणूस होता. शेंगदाण्याचे तेल त्यानंतर सात वर्षांनी आले, दुसऱ्याच्या डोक्यातून आले आणि त्याने ते मोकळ्या मनाने स्वीकारले. मुलांना यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.